सिंहाचे मागचे पाय

गुरुदत्त चिटणीसनं मान खाली घातली, कंबरेत वाकला आणि समोरच्या माणसाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. वरून पिवळ्या झालरीचं जाड कापड पडलं आणि जग संपलं. उरली फक्त गॅरेजची फरशी, तिच्यावरचा ऑइलचा डाग आणि मिस्टर लाउंच्या टाचा.

"चला," लाउ पुढून म्हणाले.

"कुठे?"

"मी जाईन तिथे."

गुरुदत्त चालला. दोन पावलांनंतर तो लॉनमोवरवर आपटला, कारण लाउ वळले होते आणि वळल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं. सिंह वळताना कुणाला सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मराठी मंडळाच्या नाटकांत गुरुदत्त गेली कित्येक वर्षं रंगमंचाच्या मधोमध उभा राहत आला होता. कुणी मधोमध उभं राहायला सांगितलं नाही, तर मधोमध कुठे आहे ते तो स्वतः शोधून काढायचा. असा माणूस मिशिगनमधल्या नोव्हाय गावी एका चिनी इंजिनिअरच्या गॅरेजमध्ये फेब्रुवारीच्या थंडीत सिंहाचा पार्श्वभाग होऊन का फिरत होता, याला कारण राजीव पेठे.

डिसेंबरात मंडळाच्या कमिटीनं पाडव्याच्या नाटकातली राजाची भूमिका राजीवला दिली. गुरुदत्तला प्रॉम्प्टिंग दिलं. "तुला सगळ्यांचे संवाद पाठ असतात," असं कारणही दिलं, आणि ते खरं होतं. गेल्या नाटकात दुसरी पात्रं बोलत असताना त्याचे ओठ हलत होते, हे व्हिडिओ कॅसेटवर स्पष्ट दिसत होतं. गुरुदत्तनं उभं राहून सांगितलं, की राजीवचा उजवा खांदा आखडलेला आहे, त्याला तलवार वर नेता येत नाही, आणि ज्या राज्यात राजाचा हात कानापर्यंत जात नाही त्या राज्यात मी विंगेत उभा राहणार नाही. मग तो ताडकन बाहेर पडला. बाहेर कडाक्याची थंडी नि बर्फ होता आणि कोट आत राहिला होता. कोटासाठी परत जाणं त्याला कमीपणाचं वाटलं. सर्दी महिनाभर टिकली. कोट नंतर बायकोनं, सुमेधानं, आणून दिला.

जानेवारीत मोटारींच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मिस्टर लाउ ट्रे घेऊन समोर बसले. लाउ ब्रेकच्या विभागात, गुरुदत्त स्टिअरिंगच्या.

"माझा माणूस प्लेनोच्या ऑफिसला बदलून गेला," लाउ म्हणाले. "सिंहाच्या नाचासाठी माणूस हवाय. मार्चमध्ये बायकोचं रेस्टॉरंट उघडतंय."

"मला अभिनयाचा अनुभव आहे," गुरुदत्त म्हणाला.

"उत्तम."

सिंह म्हटल्यावर त्यातला कोणता भाग, असं कुणी विचारत नाही. गुरुदत्तनंही विचारलं नाही.

*

लाउ सिंहाचं डोकं होते ते बावीस वर्षांपासून. ते डोकं गॅरेजमध्ये एका वेगळ्या शेल्फवर राहायचं. बांबूच्या कामट्या, त्यावर कागद, रंग, पापण्या हलवायच्या दोऱ्या, कपाळावर वाटोळा आरसा आणि शिंगाला बांधलेली लाल फीत. त्या डोक्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. त्यांचा डावा गुडघा मात्र गेलेला होता. जिना ते आडवे उतरायचे, खेकड्यासारखे, आणि कुणी पाहिलं तर म्हणायचे, "असंच उतरतात." ब्रेकच्या विभागात असून थांबणं हा प्रकार त्यांना माहीत नव्हता.

"ही फीत कशाला?" एका शनिवारी गुरुदत्तनं विचारलं. दोघं उलट्या बादल्यांवर बसून थर्मासमधला चहा पीत होते. चहात दूध नव्हतं. त्याबद्दल गुरुदत्तनं पहिल्या दिवशी मन मोठं केलं होतं.

"जुनी गोष्ट आहे," लाउ म्हणाले. "सिंह स्वर्गात राहायचा. देखणा होता. ते त्याला माहीत होतं, हा प्रॉब्लेम. तो सगळ्यांच्या खोड्या काढायचा. एक दिवस त्यानं खुद्द स्वर्गाच्या बादशहाची खोडी काढली. बादशहानं त्याचं डोकं उडवलं. धड इकडे, डोकं तिकडे, दोन्ही खाली पृथ्वीवर."

"मग?"

"दयेच्या देवीला वाईट वाटलं. तिनं डोकं आणलं, मानेवर ठेवलं आणि लाल फितीनं बांधलं. सिंह जिवंत झाला."

गुरुदत्तनं कप खाली ठेवला.

"आमच्याकडेही एकाचं डोकं उडवलं होतं. पण ते सापडलं नाही, म्हणून हत्तीचं बसवलं."

लाउंनी यावर इंजिनिअरसारखा विचार केला.

"साइज जमली?"

"जमवली."

"त्याची चूक काय होती?"

"काही नाही. आईनं दारात उभं राहायला सांगितलं होतं. तो उभा राहिला."

"आमच्या सिंहाची चूक होती," लाउ म्हणाले. त्यांनी शेल्फवरच्या डोक्याकडे पाहिलं, कुणी स्वतःच्या मुलाकडे पाहावं तसं. "म्हणून देवीनं नुसतं बांधलं. शिवून टाकलं नाही. बांधलेलं केव्हाही सुटू शकतं. सिंहानं ते लक्षात ठेवायचं."

"आणि आरसा?"

"भुतांसाठी. स्वतःला बघून पळतात." लाउ उठले. उठताना त्यांनी गुडघ्याला हात लावला आणि लगेच काढला. "पुन्हा करू. तुमचा मागचा डावा पाय उशिरा येतो."

"तिथे काही दिसत नाही."

"दिसायचं नसतंच. मागच्या माणसानं पट्टा धरायचा. शेवटी मी तुमच्या खांद्यावर चढतो, वर टांगलेला लेट्यूस खातो, पानं लोकांवर उडवतो. लेट्यूस खाल्ला, की दुकान चालतं. नाही खाल्ला, तर आमच्या लोकांपैकी कुणी पुन्हा त्या दारात पाय ठेवत नाही. बायकोनं त्या रेस्टॉरंटसाठी सगळं पणाला लावलंय."

"निदान घर तरी सोडलं असेल."

"घर आधी लावलं," लाउ म्हणाले.

*

मागच्या माणसाला कुणी बघत नाही, हे गुरुदत्तला दुसऱ्या आठवड्यात समजलं आणि तिसऱ्या आठवड्यात त्यानं त्यावर तोडगा काढला. त्यानं वसुधाकाकूंना फोन लावला. मंडळात वसुधाकाकूंना एक गोष्ट सांगितली, की बाकीचे फोन करायची गरज पडत नसे.

"रविवारी दुपारी ग्रँड रिव्हर रस्त्यावर नवं चायनीज रेस्टॉरंट उघडतंय, काकू. सगळ्यांना घेऊन या. राजीवलासुद्धा."

"शाकाहारी मिळतं का रे?"

"मिळतं."

"मग तिथे आहे काय एवढं?"

"ते बघालच."

बेत साधा होता. सिंहानं लेट्यूस खाल्ला, टाळ्यांचा कडकडाट झाला, की गुरुदत्त ते पिवळं कापड एका झटक्यात उडवणार आणि भर पार्किंग लॉटमध्ये रेशमी कुर्ता नि लाल फेटा घालून मंडळासमोर उभा राहणार. फेटा सिंहाच्या आत डोक्यावर मावत नव्हता, म्हणून तो कंबरेला गुंडाळायचा आणि ऐन वेळी चार वेढ्यांत डोक्यावर बांधायचा. बाथरूमच्या आरशासमोर त्यानं याची तालीम केली. वाकून अभिवादन करायचीही केली, जरी वाकण्याची तालीम त्याला गॅरेजमध्ये भरपूर मिळत होती.

शनिवारी सुमेधानं त्याला कपाटातून फेटा काढताना पाहिलं. जरीच्या काठाचा तो फेटा तिनंच मागच्या भारतवारीत आणला होता.

"कुणाचं लग्न आहे?"

"नाही गं. सहज."

तिनं नाक किंचित वर केलं. महिनाभर घरात बामचा वास येत होता, आणि नवरा म्हणत होता की बॅडमिंटन खेळतो. रॅकेट खुंटीवर होती, तिच्यावर धूळ होती.

"उद्या गाडी मी चालवू का?" तिनं विचारलं. "तुझी पाठ अवघडलेली दिसते."

"छे. काहीही काय. आणि मी आधी जाणारे. तू वसुधाकाकूंबरोबर ये."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. सुमेधाकडे लायसन्स होतं. गुरुदत्त गाडीत असताना ते पर्समध्येच राहायचं.

*

रविवारी ऊन पडलं होतं आणि थंडी तशीच होती. पार्किंग लॉटमधला बर्फ बाजूला लोटलेला होता आणि जमिनीवर मिठाचा पांढरा थर होता. रेस्टॉरंटच्या दारावर लाल कापड होतं. फटाक्यांना परवानगी नव्हती, म्हणून एका टेपरेकॉर्डरवर फटाके वाजवले. मध्येच टेप अडकली आणि एकच फटाका बराच वेळ फुटत राहिला.

सिंह बाहेर आला. ढोल वाजू लागला. गुरुदत्तला नेहमीप्रमाणे फक्त जमीन दिसत होती, पण आज जमिनीला बूट होते. चिनी वडीलधाऱ्यांचे पॉलिश केलेले काळे बूट. मिसेस लाउंच्या लाल चपला, मोज्यांवर. मग पलीकडे, एका रांगेत, मंडळ. वसुधाकाकूंचे लोकरीचे बूट, नंदूचे स्नीकर्स. राजीवचे दोन रंगांचे बूट, जे अख्ख्या मिशिगनमध्ये दुसऱ्या कुणी घालत नसे. आणि त्यांच्या बाजूला सुमेधाचे, डाव्या बुटाला पिवळी नाडी, कारण मूळची तुटली होती.

"ए, हा वाघ आहे की ड्रॅगन?" राजीवचा आवाज आला.

"कुत्रा असेल," वसुधाकाकू म्हणाल्या. "त्यांच्यात कुत्र्याचं वर्ष वगैरे असतं ना."

गुरुदत्तनं दात आवळले आणि मागचा डावा पाय वेळेवर टाकला.

सिंह नाचला. सिंहानं कान हलवले, पापण्या मिटल्या, दाराशी जाऊन घाबरल्यासारखं केलं, परत आला. टाळ्या पडत होत्या. मग ढोल चढला आणि लाउ थांबले.

"आता," ते म्हणाले.

गुरुदत्तनं पट्टा उचलला. लाउंनी उडी मारली. त्यांचा एक पाय गुरुदत्तच्या मांडीवर आला, दुसरा यायच्या आत काहीतरी चुकलं. लाउ खाली आले ते सरळ जमिनीवर. सिंह मटकन बसला आणि पुढच्या क्षणी आडवा झाला.

ढोल सिंहाकडे बघून वाजतो. सिंह आडवा झाल्यावर तोही हळू झाला.

"काय झालं?" गुरुदत्त कुजबुजला.

"काही नाही."

"मिस्टर लाउ."

"गुडघा बसलाय. उठेल आत्ता."

"तो उठेल की तुम्ही?"

 लाउंनी दोरी ओढली. बाहेर सिंहाच्या पापण्या मिटल्या. सिंह झोपलाय, असं दाखवायचं ठरलेलं दिसत होतं. कापडाखालच्या पिवळ्या उजेडात त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. महिनाभर या कापडाखाली गुरुदत्तनं त्यांची पाठच पाहिली होती, चेहरा आज दिसला.

"लेट्यूस दारावर लावा, असं बायको म्हणत होती," लाउ म्हणाले. "हात वर केला तरी पोचतो तिथे. मीच म्हटलं, नाही. वरच्या खिडकीला लावा. दरवर्षी मी वर लावतो."

बाहेर मिसेस लाउंच्या लाल चपला एक पाऊल पुढे आल्या आणि थांबल्या. काळ्या बुटांपैकी एक जोडी वळली. निघायच्या तयारीत असलेले बूट कसे दिसतात, ते गुरुदत्तला चांगलं माहीत होतं. नाटकवाल्याला ते आधी कळतं.

त्याचा हात कंबरेवर गेला. फेटा तिथे होता, जरीचा काठ पोटाला टोचत होता. दोन रंगांचे बूट समोर होते. हाताच्या अंतरावर.

त्यानं फेट्याचं टोक मोकळं केलं.

कापडाखाली फेटा सोडवणं सोपं नव्हतं. तो कंबरेभोवती होता आणि हात वर उचलायला जागा नव्हती, म्हणून गुरुदत्तला स्वतःभोवतीच गिरकी घ्यावी लागली, आडवं पडून, पुन्हा पुन्हा. बाहेरून पाहणाऱ्यांना सिंह झोपेत कूस बदलताना दिसला. लोकांना ते फार आवडलं. कडकडून टाळ्या पडल्या. आजवर त्याला पडलेल्या टाळ्यांत त्या सगळ्यांत मोठ्या होत्या, आणि तो त्या वेळी लोळत होता.

त्यानं लाउंचा गुडघा फेट्यानं आवळायला सुरुवात केली. वेढ्यावर वेढा.

"फार घट्ट," लाउ कण्हले.

"नुसतं बांधलंय," गुरुदत्त म्हणाला. "शिवलेलं नाही."

लाउ पहिल्यांदाच हसले.

"तरी उडी नाही मारता येणार," ते म्हणाले. "चढता येईल. पण तुमच्या एकट्याच्या खांद्यावरून हात पोचायचा नाही."

नेमक्या त्याच वेळी बाहेर नंदूनं वर पाहिलं. नंदू दातांचा डॉक्टर होता आणि त्याचं लहानपण गिरगावात गेलं होतं. वरच्या खिडकीतून बाहेर आलेला बांबू, त्याला दोरीनं लटकवलेला थंडीनं कडक झालेला हिरवा गड्डा, खाली जमलेली माणसं आणि वर न पोचणारा कुणीतरी. अमेरिकेत आल्यापासून इतक्या वर्षांत त्यानं इतक्या ओळखीचं काही पाहिलं नव्हतं.

"अरे," नंदू ओरडला, "ही तर हंडी!"

सगळ्यांच्या माना वर गेल्या.

"आयला, खरंच की," राजीव म्हणाला.

"चला, खाली कोण? जाडे खाली! राजीव, तू इकडे ये. कोट काढू नका, कोट असू दे, गादी होते!"

"नंदू, अरे, विचारा तरी त्यांना," सुमेधा म्हणाली.

"हंडीला कुणी विचारतं का वहिनी!"

गुरुदत्तच्या जमिनीवर बूटच बूट आले. मंडळाचे दोन कार्डिऑलॉजिस्ट आले, खजिनदार आले, ट्रान्समिशन विभागातले जे दोघं एरवी एकमेकांशी बोलत नसत तेही आले. सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळ्यांच्या अंगात जाड कोट. त्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून भिंतीशी गोल धरला. चिनी वडीलधारे मागे सरकले. मिसेस लाउंना वाटलं, ही माणसं नवऱ्यानं भाड्यानं आणली आहेत. त्यांनी पदार्थ वाढवायला आत निरोप पाठवला.

"गोविंदा आला रे!" नंदूनं आरोळी दिली.

मंडळानं उत्तर दिलं. ढोलवाला गोंधळला, मग त्यानं ठेका पकडला.

"हे काय चाललंय?" लाउंनी आतून विचारलं.

गुरुदत्तनं थोडा विचार केला.

"आमच्याकडेही एक जण असाच वर टांगलेलं खायचा," तो म्हणाला. "डोकं सांभाळा. चढायचंय."

*

सिंह उठला तेव्हा पार्किंग लॉटमध्ये जो आवाज झाला, तो ऐकून रस्त्यावरच्या दोन गाड्या थांबल्या.

नंदू खालून सांगत होता. इथे पाय, तिथे पाय, सावकाश. सिंहाच्या मागच्या पायांनी एकाच्या मांडीवर पाय दिला, मग वर. गुरुदत्तचा डावा पाय एका कार्डिऑलॉजिस्टच्या खांद्यावर बसला. उजव्या पायासाठी त्यानं खाली पाहिलं. कोटाची काळी कॉलर, तिच्यावर पातळ झालेले केस, मधोमध वाटोळं टक्कल. डिसेंबरपासून त्या टकलाविषयी त्यानं बरंच काही मनात म्हटलं होतं.

त्यानं पाय ठेवला.

राजीवच्या खांद्यावर उभं राहायचं, हे त्याला या हिवाळ्यात नेमकं असंच सुचलं नव्हतं. पण साधारण असंच काहीतरी तो रोज झोपताना योजत असे. आता ते झालं होतं, आणि राजीवला कळलेलंही नव्हतं.

"देवा," राजीव खालून म्हणाला. "सिंह जेवून आलाय वाटतं."

मग लाउ वर चढले. आधी पाठीवर, मग खांद्यावर. दोन माणसांचं वजन खाली गेलं आणि राजीवचा खांदा थरथरला. उजवा. त्याच खांद्याबद्दल गुरुदत्तनं भर सभेत भाषण केलं होतं. तो हात कानापर्यंत जात नाही, हे त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

"धर रे, राजीव," नंदू ओरडला. "सोडू नकोस!"

"धरलंय," राजीव म्हणाला. त्याच्या आवाजात राजाचं काही नव्हतं.

गुरुदत्तनं श्वास आत घेतला आणि सगळं वजन डाव्या पायावर नेलं. कार्डिऑलॉजिस्टनं एक शब्द उच्चारला, जो तो पेशंटसमोर उच्चारत नसावा. उजवा पाय गुरुदत्तनं नुसता टेकवून ठेवला, हात फिरवावा इतका हलका. त्याची डावी मांडी पेटली. पाठीतून काहीतरी वर चढत मानेपर्यंत आलं. त्याला वरचं दिसत नव्हतं, खालचं दिसत नव्हतं. त्यानं लाउंचे घोटे धरले होते, एवढंच.

"थोडं वर," लाउ म्हणाले.

गुरुदत्त टाचांवरून चवड्यांवर आला.

वर काहीतरी कडकन मोडलं. गोठलेला लेट्यूस होता तो. पुढच्या क्षणी हिरवी पानं सगळ्यांवर बरसली, आणि जो गजर झाला त्यात मराठी किती आणि चिनी किती, ते सांगता आलं नसतं. काळ्या बुटांतले एक आजोबा "गोविंदा" म्हणत होते, अगदी स्वच्छ. वसुधाकाकूंच्या हातात एक पान पडलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि पर्समध्ये ठेवलं.

सिंह खाली उतरला. दाराशी बसला. मिसेस लाउंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"आत कोण आहे?" राजीव ओरडला. "अरे, बाहेर या यार! फोटो काढू! मागचा माणूस कोण आहे, त्याला काढा बाहेर!"

"मागचा! मागचा!" मंडळ ओरडू लागलं.

कापडाखाली गुरुदत्तच्या हातात झालर होती. एक झटका पुरे होता. रेशमी कुर्ता घामानं चिकटला होता, पण रेशीमच होतं ते.

"जा," लाउ म्हणाले. ते जमिनीवर बसलेले होते, मांडीत ते मोठं डोकं धरून. "तुम्हाला बोलावतायत. मी आत थांबतो."

"तुम्हाला उभं राहता येतंय?"

लाउंनी आरशावरचा एक लेट्यूसचा तुकडा बोटानं काढला. मग मान हलवली. नाही.

झालर उडाली असती, तर लाल चपलांना आणि सगळ्या काळ्या बुटांना ते दिसलं असतं, बावीस वर्षांचं डोकं जमिनीवर बसलेलं.

गुरुदत्तनं झालर सोडली. लाउंचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला, गुडघे मोडले आणि त्यांना उचललं. त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. लाउंनी डोकं उंच धरलं, पापण्या फडफडवल्या, कान हलवले, तीनदा वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि सिंह ऐटीत स्वयंपाकघराच्या दारानं आत गेला.

तो आला होता चार पायांवर. गेला दोन पायांवर. कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

"कुठे होतास तू?" वसुधाकाकू म्हणाल्या. "बोलावलंस तूच, आणि सगळं चुकवलंस!"

"पार्किंग मिळेना," गुरुदत्त म्हणाला आणि खुर्चीत बसला. बसायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. सुमेधानं पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर सरकवला. तो भरलेला होता, जणू आधीच भरून ठेवला असावा.

रेस्टॉरंट खच्चून भरलं होतं. काळ्या बुटांतले आजोबा नंदूला दात दाखवत होते. राजीव टेबलाच्या टोकाला उभा होता आणि त्याच्या काळ्या कोटाच्या उजव्या खांद्यावर मिठाचा एक पांढरा ठसा होता, चवड्यापासून टाचेपर्यंत, नक्षीसकट.

"हे बघ," राजीव म्हणाला. "सिंहाचा पाय! मिसेस लाउ म्हणाल्या, शुभ असतं. आता हा कोट धुवायचा नाही."

"छान उमटलाय," गुरुदत्त म्हणाला. स्वतःचे बूट त्यानं खुर्चीखाली ओढले.

राजीवनं त्याला सगळी गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत राजीव मधोमध होता. गुरुदत्त ऐकत होता, आणि मधूनमधून "मग?" म्हणत होता.

"मग तो वर चढला, आणि माझा खांदा... तुला माहितीये माझा खांदा. मला वाटलं, गेला आता. आणि मग... मग..."

राजीव अडला. त्याला पुढचं सापडेना.

"मग वजन हलकं झालं," गुरुदत्त हळूच म्हणाला.

"करेक्ट! एकदम हलकं! जसं काही कुणी..." राजीव थांबला. "तुला कसं कळलं?"

"अंदाज."

राजीवनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग नूडल्समध्ये काटा फिरवला.

"पाडव्याला प्रॉम्प्टर अजून मिळालेला नाही," तो प्लेटकडे बघत म्हणाला. "म्हणजे, तुला मी विचारत नाहीये. फक्त सांगतोय."

"मंगळवारीच असते ना तालीम?" गुरुदत्त म्हणाला. "येतो मी. तलवार डाव्या हातात घे. राजा डावरा होता म्हणून सांगू. कोण तपासतंय."

राजीवला ठसका लागला. वसुधाकाकूंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, नेमका ठशावर, आणि लगेच हात कपाळाला लावला.

त्याच वेळी मिस्टर लाउ आतून बाहेर आले, एक हात बायकोच्या खांद्यावर ठेवून, सगळ्यांच्या देखत लंगडत. लपवत नव्हते. गुडघ्याला जरीच्या काठाचा लाल फेटा होता. ते टेबलापाशी आले, गुरुदत्तसमोर थांबले, थोडे वाकले आणि पुढे गेले.

"तुला ओळखतात का हे?" राजीवनं विचारलं.

"ऑफिसातले आहेत," गुरुदत्त म्हणाला. "ब्रेकमध्ये."

सुमेधा फेट्याकडे बघत होती. मग तिनं ताटातलं उरलेलं संपवलं, सावकाश.

बाहेर आल्यावर गुरुदत्तनं गाडीची किल्ली काढली आणि दाराशी उभा राहिला. त्याला पाठ सरळ करता येत नव्हती. तो जमिनीकडे बघत होता. पिवळी नाडी त्याच्यासमोर येऊन थांबली.

"घरी गेल्यावर पाठ शेकू या," सुमेधा म्हणाली.

"कशाला?"

"सहज."

तिनं हात पुढे केला. गुरुदत्तनं किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन आडवा झाला. तिथून रस्ता दिसत नव्हता. पुढे कुठे वळायचं ते त्याला माहीत होतं, आणि त्यानं ते सांगितलं नाही.

गाडी बरोबर घरी पोचली.